चार मात्रा आणि एक गरम पोळी

माझ्या गाण्यामुळे आजवर कोणीही सभागृह सोडून गेलेलं नाही. (मागच्या रांगेत, उंच बायकांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या बाईचा आवाज कोणाला ऐकूच जात नाही, हेही त्याचं कारण असू शकतं.) निवृत्त झाल्यावर मी आमच्या कॉलनीच्या समूहगान मंडळात शिरले आणि त्या रांगेतच मुक्काम ठोकला. त्यामुळे या हिवाळ्यात मंडळाची गाणी बसवणाऱ्या सरांनी एक अख्खी ओळ मला एकटीला गायला दिली, तेव्हा मी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग पुण्याला निखिलला, बंगलोरला श्वेताला फोन लावला.

"सुट्टी टाका अन् या," मी म्हटलं. "तुमची आई सोलो गाऊन राहिली."

दोघंही आले! मला तर वाटलं, आता सोलो नाही झाला तरी चालेल. पोरं मोठी होऊन घरी येतात त्यासारखं सुख नाही. अभ्यासाला बस म्हणावं लागत नाही, आणि तीच आपल्याला औषध घेतलं का म्हणून दटावतात. दिवसभर खिदळणं, दुपारी गच्चीवर संत्री सोलणं आणि मध्येच स्वयंपाकघरातून माझा रियाज.

ओळ होती, 'कणसांत उतरलं ऊन सोनेरी'. तिच्यानंतर चार मात्रा पूर्ण शांतता, मग सगळ्यांनी मिळून पुढचं कडवं. सरांचा माझ्या आवाजापेक्षा त्या शांततेवर जास्त जीव. "काकू, सूर थोडा इकडेतिकडे झाला तर मी सांभाळून घेईन," ते दर तालमीला बजावायचे, "पण त्या चार मात्रांत श्वाससुद्धा ऐकू आला नाही पाहिजे."

आता पोरं घरी असताना मी तव्यापासून हलणार कशी? म्हणून पोळ्या करता करताच रियाज चालायचा. पोळी तव्यावर टाकायची, ओळ गायची, आणि ओळ संपली की त्या चार मात्रांत पोळी उतरवून थेट कोणाच्या तरी ताटात. "घ्या पोळी!" यावर हे (म्हणजे आमचे अहो) ताटावर आडवा हात धरून म्हणायचे, "नको वं, झालं माझं!" तरी मी वाढायचेच. आमच्या घरात पहिल्या नकाराला नकार समजत नाहीत. यांचं वाक्य संपायला आणि कडवं सुरू व्हायला एकच गाठ पडायची. निखिल टेबलावर ठेका धरायचा, श्वेता वाटीवर चमचा वाजवायची, आणि त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी वजनं वाढवून घेतली.

श्वेताला तेवढ्यातही अक्कल सुचली. "आई, तुले सवय लागून राहिली. स्टेजवर बी म्हणशील."

"स्टेजवर काहून म्हणीन मी? तिथे तवा आहे का?"

माझी भीती वेगळीच होती. कार्यक्रमाच्या दिवशी सदर भागातल्या हॉलमध्ये ही दोघं ठेका धरतील, चमचे वाजवतील आणि माझी ओळ जाईल. निघताना मी दोघांकडूनही शपथा घेतल्या. श्वेताची तर पर्सही तपासली. यांच्याकडून काहीच वदवून घेतलं नाही, कारण हे कुठल्याही कार्यक्रमात दीपप्रज्वलन झालं की झोपतात.

पडदा वर गेला. पोरं पाचव्या रांगेत, दोघांचेही हात तोंडावर. मध्ये हे, मान छातीवर. सरांनी माझ्याकडे बोट केलं आणि मी गायले. खरं सांगते, चांगलं गायले. ऊन सोनेरी अगदी अलगद उतरलं. सरांनी शांततेसाठी तळहात वर उचलला. सगळा हॉल श्वास रोखून बसला. आणि माझा उजवा हात आपोआप पुढे झाला.

"घ्या पोळी!"

माईक माझ्यासमोरच होता. हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोळी पोचली. सरांचा तळहात हवेतच राहिला. एवढ्यावर निभावलं असतं हो, पण पाचव्या रांगेतून, डोळे मिटलेल्या अवस्थेत, खणखणीत आवाज आला.

"नको वं, झालं माझं!"

आणि त्याच क्षणाला, बरोब्बर मात्रेवर, पुढचं कडवं सुरू झालं. म्हणजे व्हायला हवं होतं. आमच्या पहिल्या रांगेतल्या बाई कडव्याचा 'शि' म्हणाल्या आणि 'शिवार' पुरं व्हायच्या आत खाली बसल्या. तबलजी डग्ग्यावर डोकं टेकवून हसत होता. निखिल खुर्चीखाली गेला होता, श्वेता रडत होती, आणि हे जागे होऊन शेजाऱ्याला विचारत होते, "काय झालं गा?"

विंगेत मी साडीच्या पदरात तोंड लपवून बसले. ओळ गेली, आता मागची रांगसुद्धा गेली, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सर आले, पाठोपाठ प्रमुख पाहुणे. पाहुणे सद्गदित झाले होते. "शेतातलं कणीस ताटातली पोळी होतं, हे दोन वाक्यांत दाखवलंत! अन् तो तृप्त माणूस प्रेक्षकांत बसवला! काय कल्पना आहे, सर!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "बरेच दिवस डोक्यात होती."

पाहुणे गेल्यावर मी चाचरत विचारलं, "सर, मग माझी ओळ?"

"ओळ राहू द्या तुमच्याकडे. पुढच्या महिन्यात लकडगंजला कार्यक्रम आहे, त्यांना हे असंच पाहिजे." मग सरांचा आवाज एकदम आदराचा झाला. "पण काका येतील ना? त्यांचं टायमिंग काय आहे हो! त्यांना वेगळा माईक देऊ."

पोरं परत गेली. घर सुनं झालं असतं, पण तशी सोय राहिलेली नाही. हे रोज जेवून आडवे होतात, आणि हाक मारली तर डोळे न उघडता म्हणतात, "थांब वं, रियाज करून राहिलो." आणि मी, मुख्य कलाकाराची झोपमोड नको म्हणून, माझी ओळ गच्चीवर जाऊन गाते.