कामिनीताईंचा गप्प राहण्याचा अभ्यास

अमळनेरच्या कामिनीताईंनी पंधरा-सोळा वर्षं बालवाडी चालवली ती तोंडाच्या जोरावर. गाणी, गोष्टी, दटावणी, सगळं अखंड चालू. बालवाडीत दोन-तीन मुलं अशी आली, की त्यांना हाक मारली तरी ती वळून बघत नसत. ही मुलं स्वमग्न आहेत हे कळल्यावर ताईंनी चाळिशी उलटून गेलेली असताना जळगावला, अशा मुलांना शिकवण्याच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाव घातलं आणि रेल्वेचा पास काढला.

पहिल्याच प्रात्यक्षिकात फजिती झाली. समोर पाच वर्षांची, अजून एकही शब्द न बोललेली ममता. ताई सुरू झाल्या, "हा बघ चेंडू! लाल लाल चेंडू! घेतेस? टाकू का?" ममताने दोन्ही कान दाबले आणि भिंतीकडे तोंड केलं.

शिकवणाऱ्या सारिका मॅडमनी त्याचं चित्रण वर्गाला दाखवलं. ते पाहता पाहता ताईच म्हणाल्या, "अगंबाई, ही बाई श्वास तरी कधी घेते?" सगळा वर्ग हसला.

"ताई, एकच शब्द बोला," मॅडम म्हणाल्या, "आणि मग थांबा. तिला वेळ द्या."

थांबणंच तर अवघड! ताईंनी घरी सराव सुरू केला. नवरा अभिमन पिठाची गिरणी चालवायचा. जेवताना बायको गप्प बघून त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"काय व्हयनं वं? मन्हं काही चुकनं का?"

"नही हो! चूप ऱ्हावाना अभ्यास शे."

पुढच्या खेपेला ताईंनी साबणाचे फुगे आणले. एकदा फुंकर मारली, "फुगे" म्हणाल्या आणि बाटलीला झाकण लावून बसल्या. जीभ नुसती वळवळत होती. ममता डोलत राहिली, खिडकीकडे गेली, परत आली. मग तिने ती बाटली उचलून ताईंच्या हातात ठेवली. पुन्हा फुगे उडाले. असं कितीदा तरी झालं. शेवटी ममता ताईंच्या ओठांकडे बघत म्हणाली, "फू!"

दाराशी बसलेली तिची आई सुनिता रडता रडता हसायला लागली. ताईंनी पुन्हा बाटलीचं झाकण उघडलं.

आता ताई अमळनेरच्या एका शाळेत अशा मुलांना शिकवतात. शनिवारी घरीही खेड्यापाड्यांतल्या आया मुलांना घेऊन येतात. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींना अभिमनच पाठवतो. दळण घ्यायला आलेल्या बायकांना तो गिरणीच्या आवाजावर ओरडून सांगतो, "पोऱ्याले लई या, घाबरू नका! ती सगळं बठ्ठं समजाडी दी."