शेजारच्या कागदावर

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत हो. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. डोक्यावर पाटी मिरवणाऱ्या त्या पांढऱ्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, स्वतःच्या पायाशी एक जादा ब्रेक ठेवायचा आणि दिवसभर घसा फोडायचा: "क्लच! अहो क्लच! रस्त्याकडे बघा, माझ्याकडे काय बघताय, मी कुठे पळून चाललोय!" निम्म्या गावानं त्यांच्याकडून गाडी शिकून घेतली होती आणि त्याच निम्म्या गावानं त्यांची बोलणीही खाल्ली होती.

त्यांचा एक नियम होता, तो ते कुणासाठी म्हणून बदलत नसत. ज्यानं गाडी ठोकली, त्यानंच ती परत चालवत आणायची. दिवा फुटो, बंपर लोंबो, शिकणारा ढसाढसा रडो, मास्तर आपले दार उघडून उभे. "बसा. किल्ली जागेवरच आहे." स्टिअरिंगवरून त्या दिवशी जो उठला तो पुन्हा काही बसत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. आणि असला हा पक्का माणूस पोटच्या पोरीच्या बाबतीत मात्र पार ढेपाळला.

पोरीला घरात ठकी म्हणायचे. कॉलेजात होती आणि एअर पिस्तुलानं नेमबाजी करायची. उत्तम करायची, आणि हे नुसतं बापाचं कौतुक नव्हे. तिचे सरसुद्धा, ज्यांच्या तोंडून चांगला शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं, ते म्हणायचे की ही पुढे जाणार. मग निवड चाचणी आली. रेंजवर सगळ्यांचे कागद ओळीनं टांगलेले असतात, डोक्यावर नंबर असतो, आपण आपल्या नंबराखालच्या कागदावर मारायचं. ठकीनं हात उचलला, श्वास सोडला, दहा गुणांच्या मधल्या वर्तुळात छर्रा बसवला. फक्त कागद शेजारणीचा होता.

होतं असं. एकामागून एक मारताना तंद्री लागते, नजर एका घरानं सरकते आणि घोटाळा होतो. पण नियम म्हणजे नियम. शेजारणीचा तोटा काही नाही, आपल्या खात्यात मात्र शून्य. माईकवरून नंबर पुकारला गेला, मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि त्या शून्यानं ठकीची निवड गेली.

तेव्हा मास्तरांनी काय करावं? दार उघडून "बस, किल्ली जागेवर आहे" म्हणावं की नाही? छे! पोरीचा चेहरा बघून यांच्याच तोंडचं पाणी पळालं. तिला मुकाट्यानं गाडीत बसवली, वाटेत आइस्क्रीम घेतलं, ते तिच्या हातात तसंच वितळलं. घरी आल्यावर ठकीनं पिस्तुलाची पेटी कपाटावर टाकली. "मी परत हात लावणार नाही," म्हणाली, आणि तिनं तो शब्द पाळला.

महिने गेले. पोरगी कॉलेजला जायची, यायची, जेवायची, दार लावून घ्यायची. भांडायचीसुद्धा नाही, आणि हेच मास्तरांच्या जिवाला लागलं. ठकीची आई दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती, दिवसभर दुसऱ्यांच्या दंडाला सुया टोचून घरी यायची, तिला आडपडदा ठाऊक नव्हता. ती एकदा जेवताना म्हणाली, "अहो, जगाला शिकवता, आणि घरात तोंड शिवून बसता. बोला की तिच्याशी!"

"काय बोलू? बोललो आणि आणखी मिटली तर?"

"मग काहीतरी करा. बोलता येत नसेल तर करा!"

मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी कपाटावरची पेटी खाली काढली. "ठके, डॉक्टर म्हणतात डोकं शांत राहील असं काहीतरी करा. तुझं पिस्तूल वापरू का?"

"वापरा, नाहीतर विका," आतून उत्तर आलं. नंतर जरा वेळानं, "छर्रे आईकडे द्या. ज्या खोलीत पिस्तूल, त्या खोलीत छर्रे नाहीत. आणि दर वेळी उघडून बघायचं, आत काही नाही ना." एवढं सांगून दार बंद. पण किती दिवसांनी पोरगी एका दमात एवढं बोलली होती! मास्तर पेटी पोटाशी धरून तिथेच उभे राहिले.

छर्रा न घालता नुसताच नेम धरायचा आणि खटका ओढायचा, याला नेमबाज ड्राय फायर म्हणतात. भिंतीवर शर्टाच्या बटणाएवढा काळा ठिपका चिकटवायचा, समोर उभं राहायचं, नळीच्या टोकावरच्या खुणेवर नजर ठेवायची, आणि ती खूण तसूभरही न हलवता खटका दाबायचा. टक्. बस, एवढंच. मास्तरांना हे लगेच पटलं. तेसुद्धा नवख्याला आधी बंद गाडीतच गिअर टाकायला लावायचे. "यात काय आहे, बंद गाडी तर आहे," असं म्हणत त्यांनी हात उचलला आणि नळीचं टोक कधी छताकडे, कधी फ्रिजकडे असं भटकायला लागलं.

पहिल्याच आठवड्यात समोरच्या इमारतीतल्या आजींनी खिडकीतून हे पाहिलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी फोन करून विचारलं, "मास्तर, घरात सगळं ठीक आहे ना? भांडण-बिंडण?" ठकीच्या आईनं कपाळाला हात लावला आणि पडदा ओढून टाकला. तेव्हापासून पडद्याआड रोज कामावरून आल्यावर मास्तरांची तालीम चालायची. टक्. थप्. टक्. थप्.

हा थप् कुठला, असं तुम्ही विचाराल. तो होता मास्तरांच्या चपलेचा. इतकी वर्षं शेजारी बसून दुसऱ्याचा धोका दिसला की पाय खाली, ही त्यांच्या हाडात मुरलेली सवय. बोट खटक्यावर आलं की पाय आपोआप जादा ब्रेक शोधायचा आणि जमिनीवर आपटायचा. सगळं अंग हिसका खायचं. बरं, त्यांना स्वतःला याचा पत्ता नाही! त्यांचं आपलं चालूच. टक्. थप्.

आतल्या खोलीत ठकी पुस्तक उघडून बसलेली. पहिले काही दिवस तिनं कानावर उशी घेतली. पण ज्याला गाणं कळतं त्याला शेजारचा बेसूर जास्त छळतो, तसं तिचं झालं. एके संध्याकाळी दार धाडकन उघडलं.

"बाबा, ब्रेक सोडा हो!"

"अं? कसला ब्रेक?"

"पाय! पाय काय आपटताय प्रत्येक वेळी? आणि मनगट बघा, पिशवी लटकल्यासारखं. आणि ठिपक्याकडे टक लावून बघताय ना? मला इथूनच कळतंय. टोकावरच्या खुणेकडे बघा! ठिपका पुसट दिसला तरी चालतो. अहो, खूण!"

हा आवाज, ही चिडचिड, हे हात उडवणं, सगळं मास्तरांचंच होतं. स्वयंपाकघरातून ठकीची आई ओट्याला टेकून ऐकत होती आणि पदराआड हसत होती. "आता कळलं," ती म्हणाली, "लोक तुमच्या गाडीतून घाम पुसत का उतरतात ते."

त्या दिवसापासून बाप शिष्य आणि लेक मास्तर. ठकी सोफ्याच्या हातावर बसायची आणि चुका काढायची. श्वास फार वेळ धरता, हात थरथरायला लागला की खाली घ्या, हट्टानं ओढू नका. टक् झाल्यावर लगेच बघायला धावू नका, तसेच उभे राहा. मास्तर बोलणी खायचे आणि मनातल्या मनात सुखावायचे. पण एकदा त्यांनी पिस्तूल तिच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "जरा दाखव की करून." ठकीनं हात मागे घेतले. "सांगीन सगळं," म्हणाली, "पण हात लावणार नाही, बाबा. परत विचारू नका." पोरगी दारापर्यंत आली होती, पण उंबरा काही ओलांडत नव्हती.

मग ठकीच्या नेमबाजीच्या क्लबात वयस्कर नवशिक्यांसाठी छोटीशी स्पर्धा निघाली. मास्तरांनी नाव घातलं आणि लगेच अडून बसले. "शेजारी तू नसशील तर मी जाणार नाही."

"मी तिथे पाऊल टाकणार नाही."

"मग मीपण नाही टाकत. झालं."

"बाबा, लहान मुलासारखं काय करताय?"

"शिकाऊ माणूस एकटा गाडी घेऊन रस्त्यावर जातो का कधी?"

ठकी पाय आपटत गेली खरी, पण गेली. रेंजवर मागच्या बाकाच्या अगदी टोकाला, टोपी कपाळावर ओढून बसली. सर दिसले तशी तिनं मान खाली घातली. सरांनी लांबूनच हात वर केला आणि काही न बोलता पुढे गेले, शहाणा माणूस.

मास्तरांची सुरुवात बरी झाली. एक चार, एक सात, एक कागदाच्या काठावर. पाय मुकाट जमिनीला चिकटलेले. बाकावर ठकीची बोटं आपोआप मिटत होती, उघडत होती. मास्तरांनी पुन्हा हात उचलला, श्वास सोडला, खटका दाबला, शिकवल्याप्रमाणे तसेच उभे राहिले. मग त्यांनी आपला कागद पाहिला. कोरा. शेजारच्या टक्कल पडलेल्या गृहस्थांच्या कागदावर, नऊच्या वर्तुळात, झकास गोल भोक.

माईकवरून नंबर पुकारला गेला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ठकीला वाटलं, आता उठावं, बाबांचा हात धरावा आणि त्यांना इथून बाहेर न्यावं, कुणी बघायच्या आत.

आणि मास्तरांनी काय करावं! पिस्तूल नीट खाली ठेवलं, हात वर केला आणि अख्ख्या रेंजला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझाच हो तो! त्यांना बोल लावू नका!" मग शेजारच्या गृहस्थांकडे वळून, "माफ करा. चुकून तुमच्या घरात शिरलो." गृहस्थ खो खो हसले. मागचे बाक हसले. मास्तर स्वतः पोट धरून हसले. शून्य मांडलं गेलं. मास्तरांनी डोळे पुसले, वरचा नंबर बोटानं नीट वाचला, हात उचलला आणि पुढचा छर्रा मारला. सहा. स्वतःच्या कागदावर.

अजून बरेच बाकी होते. ते सगळे त्यांनी मारले. शेवटून दुसरे आले.

परतताना गाडीत ठकीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग एकदम म्हणाली, "मुद्दाम केलंत ना? माझ्यासाठी?"

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. "अगं बये, मला मुद्दाम नऊवर मारता आलं असतं, तर माझ्याच कागदावर नसतं का मारलं?"

ठकी हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी काही थांबेना. "मला वाटलं होतं, हसले की संपलंच सगळं," ती हुंदके देत म्हणाली. "लोक हसले, बाबा, आणि तुम्ही... तुम्ही पुढचा मारलात!"

"मग काय करणार, छर्रे उरले होते ना." मास्तरांनी गाडी बंद केली. "त्या दिवशी मी तुला परत उभं करायला हवं होतं. जगाला करतो. पण तुझं तोंड बघून माझी छातीच झाली नाही, ठके. मी घाबरलो." ठकीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मागून एका टेम्पोनं हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे मास्तरांनी गाडी हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दात घासत बाहेर आले तर पडदा ओढलेला होता. ठकी पिस्तूल उघडून आत पाहत होती. भिंतीवर एक ठिपका नव्हता, ओळीनं पाच होते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पेननं नंबर.

"एवढे कशाला?" मास्तर तोंडातल्या फेसासकट म्हणाले.

"घरी आपण एकच लावत होतो. तिथे शेजारी असतात. त्यांच्यासकट जमलं पाहिजे." तिनं पिस्तूल बंद केलं. "तुमची वेळ आता संध्याकाळी. सकाळची भिंत माझी. सांगा, कितवा?"

मास्तरांनी फेस पुसायला बाही तोंडाला लावली, मग तीच डोळ्यांना.

"चार!" स्वयंपाकघरातून ठकीची आई ओरडली.

ठकीनं हात उचलला, चारचा आकडा ओठांतल्या ओठांत वाचला, तिथून सावकाश खाली आली. टक्. ती तशीच उभी राहिली, मग हात खाली घेऊन म्हणाली, "पुढचा सांगा."