कोळीची भाजी

धाकट्या बहिणीच्या हृदयाची झडप बदलायला आम्ही तिला जामसरहून मुंबईला नेलं, तेव्हा घरात कागद वाचता येणारा मी एकटाच होतो. नुकताच मास्तर झालो होतो आणि मास्तरकी डोक्यात गेली होती.

डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं. हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवायचं, ते गोठू नये म्हणून औषधाने पातळ करायचं आणि काम उरकलं की एका इंजेक्शनने त्या औषधाचा असर उतरवायचा. ऑपरेशन नीट झालं. पण नवी झडप धातूची, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. निघताना डॉक्टर म्हणाले, "पालेभाजीने गोळीचा जोर मोडतो. रोज सारखीच खायची, कमीजास्त नको."

घरी येऊन मी फर्मान काढलं, "हिला पालेभाजी बंद. एक पानसुद्धा नाही." अर्धं ऐकायचं आणि पुरं शिकवायचं, ही माझी खोड. उन्हाळाभर रक्त तपासून गोळी ठरली, ती त्या बिनभाजीच्या जेवणावर.

पावसाळा लागला. आमच्याकडे कोळीची भाजी, म्हणजे पहिल्या पावसात रानात उगवणारी हिरवी पात, आधी देवाला दाखवतात, घरातल्या प्रत्येकाने ती खायची, मगच बाकीच्या रानभाज्या. आई म्हणाली, "कोळी नाय खाल्ली त देव कसा राखंल पोरीला?"

मी ताट उडवलं. "मारायचंय का तिला?"

आईने सांडलेलं अन्न गोळा केलं. मग मी शाळेत गेलो की रोज तिला रानभाजी भरवत राहिली. कोरडं खाऊन विटलेली पोर, तीही चवीने खायची.

श्रावणात तिला धाप लागली. झडपेवर रक्ताची गाठ धरली होती. पुन्हा मुंबई, पुन्हा छाती उघडली. रक्त पातळ केलं, शेवटी तेच इंजेक्शन दिलं, पण या खेपेला रक्त थांबलंच नाही. नको तिथे गोठलेलं रक्त हवं तिथे गोठेना. ती टेबलावरच गेली.

दाखल करताना आईने माझी बंदीही सांगितली होती आणि लपून भरवलेली भाजीही. डॉक्टर मला म्हणाले, "भाजी बंद कुणी केली? रोज थोडी दिली असती, तर गोळी त्यावर बसवली असती."

बाहेर आई पायरीवर बसली होती. "मीच मारली ना र तिला? माझ्या भाजीनं?"

खरं सांगायची हिंमत झाली नाही. मी म्हणालो, "सांगितलं होतं ना तुला."

पुढे आई बरीच वर्षं जगली. दरवर्षी कोळी देवाला दाखवायची, सगळ्यांना वाढायची, स्वतः कधी तोंडात घातली नाही. मी मात्र खात आलो.