भिंतीवरची टिकली

अबुधाबीत मुसफ्फाजवळच्या आमच्या शाळेत जिन्याखाली एक वेगळा वर्ग होता. ‘स्पेशल’ म्हणायचे त्याला. डोंबलाचं स्पेशल! तिथला एसीसुद्धा धड चालायचा नाही. मी त्या वर्गाची टीचर. मुलं चार, चौघंही आफ्रिकेतली, काळी, वयाच्या मानाने थोराड. वरच्या वर्गांत बाकीची पोरं बाकांवर नाचली तरी ‘खेळकर’ ठरायची. ही नुसती गप्प बसली की ‘मंद’. माझं डोकंच फिरायचं.

त्यातला सुदानचा मुलगा पुस्तक हातात दिलं की भराभरा वाचायचा. पण कुणी मोठ्या माणसाने समोर बसून विचारलं की नजर जमिनीला आणि तोंडाला कुलूप. रिपोर्टात दर वेळी तेच: लक्ष नाही, समज नाही. त्याच्या वडिलांनी मला इथे कामावर शिकलेल्या हिंदीत समजावलं, “मॅडम, हमारे घर में बड़ों की आँख में देखना बदतमीज़ी.” अहो, आमच्याकडे तरी काय वेगळं होतं? वडील रागावत असताना मी वर पाहिलं असतं, तर आणखी एक बसली असती.

वरच्या वर्गात जाण्याची संधी शाळा वर्षाला एकालाच द्यायची. त्या वर्षी मी भांडून त्याचं नाव घातलं. तोंडी परीक्षा सुपरवायझर बाई घेणार होत्या. बाई आपल्याच, पुण्याच्या, कपाळावर ही मोठी टिकली. मी त्याला म्हटलं, “डोळ्यांत नको बघू. टिकलीकडे बघ आणि बोल.” कितीतरी दिवस माझ्या टिकलीवर सराव चालला.

परीक्षेच्या सकाळी बाईंना ताप. आमच्या वर्गात आल्या प्रिन्सिपल मॅडम, कपाळ कोरं. झालं! पोराने मान खाली घातली. पहिले प्रश्न तसेच गेले. “खलास,” म्हणत मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

मला राहवेना. मी माझी टिकली काढली आणि मॅडमच्या डोक्यामागे भिंतीवर चिकटवली. “यल्ला, चल, आता बोल.” त्याने मान वर केली आणि पाढे, नकाशा, धडा, सगळं घडाघडा सांगितलं. मॅडम वळून वळून भिंत बघत होत्या, पण पास करावंच लागलं. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी तो वर चौथीत गेला. मी वर्गात शिरले, तर उरलेले तिघं शर्ट खोचून, बाक ओढून भिंतीसमोर बसलेले, टिकलीकडे बघत.

“मिस,” धाकट्याने विचारलं, “आज मॅडम कधी येणार?”

मॅडम आता पुढच्या वर्षी येणार होत्या.