बावीसनंतर थेट पंचवीस

मी चोर आहे. हे आज लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही.

बागूल सर काल गेले. सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि गेले. काकूंना वाटलं, डुलकी लागली.

कालपासून मी घरात नुसत्या येरझारा घालतेय. तीनदा चहा टाकला, तीनदा ओतून दिला. नवरा म्हणतो, "अगं, जरा टेक." टेकवत नाहीये.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सर रिटायर्ड ड्रॉइंग टीचर, मूळचे सटाण्याकडचे. रशियन परीकथांची जुनी, चित्रांची पुस्तकं गोळा करणारे माझ्या माहितीत नाशकात दोनच वेडे. एक सर, दुसरी मी.

रशियन दोघांनाही येत नाही. एक अक्षरसुद्धा नाही.

"वाचता आलं असतं तर दोन दिवसात संपली असती," सर म्हणायचे. "नुसती चित्रं बघितली की लय पुरतात."

शनिवारी रद्दीवाले पालथे घालायचे आणि रविवारी सकाळी फोन. सर नंतर गावाकडच्या मराठीत बोलायचे, पण सुरुवात कायम अहिराणीत.

"काय नवं शे, मनीषाताई?"

अशी पुस्तकं धड कधीच मिळत नाहीत. कुठे वाळवी, कुठे कव्हर गायब, कुठे कुणा पोराने पान फाडून भिंतीला लावलेलं. म्हणून आमचा एक नियम होता. एकच पुस्तक दोघांकडे असेल, तर ज्याची प्रत जास्त धड, त्याला दुसऱ्याने आपलं पान द्यायचं. एक तरी पूर्ण होऊ दे.

या नियमाने सरांनी मला तीन पानं दिली. हसत दिली.

आणि जिथे पान नसेल तिथे सर एक चिठ्ठी ठेवायचे. पेन्सिलने, त्या सुंदर अक्षरात. "पान ४१. हरवलं."

त्यांच्या सगळ्यात लाडक्या पुस्तकात एकच पान कमी होतं. बावीसनंतर थेट पंचवीस.

बावीसवर लाल रुमाल बांधलेली एक मुलगी, बर्फाच्या जंगलात एकटी. पंचवीसवर तीच मुलगी घरी, शेगडीपाशी, हात शेकत बसलेली.

मधे काय झालं? ती घरी आली कशी?

सरांनी हा प्रश्न शाळेतल्या कितीतरी बॅचना विचारला. स्वतः दरवर्षी वेगळं उत्तर द्यायचे. एकदा म्हणाले, "येष्टीनं आली. सटाण्याची शेवटची गाडी होती. कंडक्टर वळखीचा निघाला."

दोन वर्षांपूर्वी मी येवल्याला एका लग्नाला गेले होते. तिथल्या रद्दीच्या दुकानात तेच पुस्तक मिळालं. कव्हर नाही, अर्धी पानं नाहीत.

तेवीस मात्र होतं.

ती मुलगी घरी कशी आली, ते मी दुकानात उभ्या उभ्या बघितलं.

नियमाने ते पान त्याच दिवशी सरांचं होतं. मी दिलं नाही. स्वतःला सांगितलं की माझ्या फाटक्या प्रतीत तेवढंच एक चित्र देखणं आहे. खरं कारण वेगळं होतं. सरांकडे नसलेलं काहीतरी पहिल्यांदा माझ्याकडे आलं होतं.

पण पुस्तक मिळाल्याची बढाई मी फोनवर मारून बसले होते. सर म्हणाले, "आलोच." स्कूटरवर यायला त्यांना वीस मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात मी मुलीच्या कंपासमधलं कटर घेतलं आणि पान कापून कपाटात ठेवलं.

सर आले. सावकाश पानं उलटत बावीसवर थांबले. पान कापलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"इथंबी नाय?"

"नाही ना सर. फाटलेलंच मिळालं."

"बरं," सर म्हणाले. चहा घेतला, पोह्यांचं कौतुक केलं आणि गेले.

मग दोन वर्षं रविवार येत राहिले. दिवाळीला देईन म्हटलं. त्यांच्या वाढदिवसाला देईन म्हटलं. जितका उशीर झाला तितकं तोंड उघडणं जड गेलं.

काल ते पान फाइलमध्ये घालून त्यांच्या घरी गेले. हॉलमध्ये सर होते. काकूंना हळूच म्हटलं, सरांचं ते पुस्तक जरा बघू का?

"त्यांच्या उशाशीच हाय बघ," काकू म्हणाल्या.

बावीसवर उघडलं. चिठ्ठी होती.

"पान २३. मनीषाताईंकडे, सुखरूप. कड पांढरी आहे."

जुनं फाटलेलं पान असेल तर त्याची कड बाकी कागदासारखीच पिवळी पडते. ताजी कापलेली कड पांढरी दिसते. हे मला सरांनीच शिकवलं होतं. आणि मी नेमकं तेच विसरले.

दोन वर्षं त्यांना माहीत होतं. दोन वर्षं ते दर रविवारी विचारत होते, काय नवं शे. आणि मी दर रविवारी सांगत होते, काही नाही सर.

मी पान त्याच्या जागी ठेवलं. खाली बसले आणि सरांच्या कानाशी जाऊन सांगितलं.

"कोल्ह्याने आणलं तिला, सर. म्हातारा कोल्हा आहे. अंगात कोट, एका हातात कंदील. दुसऱ्या हाताने तिचा हात धरलाय."

मग मात्र मला आवरलं नाही. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कोण कोल्हा गं?"

त्यांना सगळं सांगितलं. चोरीसकट. त्यांनी पाठीवरचा हात काढला नाही.

आज सकाळी माझी फाटकी प्रत काढली. पांढऱ्या कडेशी एक चिठ्ठी ठेवली. पेन्सिलनेच लिहिली, पण सरांसारखं अक्षर काही येत नाही.

"पान २३. बागूल सरांकडे, सुखरूप."

उद्या रविवार आहे.

सर, माफ करा. या चोराचा शेवटचा नमस्कार घ्या.