देवघराला हात

काल ट्रकमधून कापराचा वास आला आणि माझी पाठ एकदम ताठ झाली.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. पॅकर्स-मूव्हर्सवाल्याकडे माझा पहिला दिवस होता. जरीपटक्यातल्या गोदामात मालकानं पाठीला पट्टा बांधून लोखंडी कपाट उचलायला लावलं आणि लगेच कामावर घेतलं. दुपारी रामदासपेठेतल्या एका घरातला फ्रिज, दिवाण, शिलाई मशीन, सगळं मी खाली आणलं. शेवटी सागवानी देवघराला पट्टा लावायला वाकलो, तोच घरमालक म्हणाले, "थांब गा. पूर्ण नाव सांग."

मी आडनावासकट सांगितलं.

"मंग त्याले हात नको लावू."

देवघर त्यांनी मुलाच्या मदतीनं उचललं. माझ्या नाकासमोरून कापराचा वास गेला. तो मी आजवर जपून ठेवला.

आता ट्रक माझा आहे. काल तेच गृहस्थ, थकलेले, एकटे, नव्या इमारतीखाली उभे होते. लिफ्ट बंद होती. त्यांनी मला ओळखलं नाही.

"भाऊ, तेवढं देवघर तिसऱ्या माळ्यावर नेऊन द्या ना."

"त्याले मी हात लावत नाही, काकाजी."

"काहून गा?"

मी पट्टा सावकाश गुंडाळला आणि त्यांना माझं पूर्ण नाव सांगितलं.