मुक्ताबाईंनी स्वतःच्या मुलाचं नाव घेतलं

चारा छावणीची पाण्याची मोटर सलीम मेकॅनिकने जाळली नव्हती. छावणी चालवणाऱ्या सोसायटीच्या चेअरमनच्या पुतण्याने ती रात्रभर आपल्या मोसंबीसाठी चालवली आणि जाळली. आज दुपारी बैठकीत हे सांगितलं पुतण्याच्या आईनेच, मुक्ताबाईंनी.

चेअरमन म्हणाले, "वहिनी, घरचं घरात बोलू."

"भावजी, घरात सांगितलंतं की तुमाला. तरी मोटर सलीमभाईनं जाळली म्हनून भोंग्यावरून सांगितलंत. त्याच्या म्हशी छावणीतून हाकलल्या. गाभण म्हैस उन्हात मेली. आता काहून गप बसू?"



आपल्या वाचनगटात सध्या वाचतोय त्या कादंबरीतला गोरा वकीलही असाच स्वतःच्या माणसांविरुद्ध, एका काळ्या आरोपीसाठी उभा राहतो. पण तो कुणावर डूख धरत नाही. मला ते जमणार नाही. "झालं गेलं विसरा," म्हणणाऱ्या चेअरमनला पदावरून पडलेलं बघायचंय. तुम्ही माफ केलं असतं?

उद्या संध्याकाळी चारावाटपाच्या वेळी चेअरमननी भोंग्यावरूनच सलीमभाईंची माफी मागायची, असं बैठकीत ठरलंय. नाही मागितली, तर अविश्वास ठरावावर पहिली सही मुक्ताबाईंची असेल. दुसरी माझी.